ड्रायव्हर कुठे गेला ते दिसतं, त्याच्यासोबत कोण गेलं ते शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात इंजिनिअरिंग शिकता, ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप, म्हणजे बीटीसीसी, दोन वर्षं नेमाने पाहता. ऑक्टोबरात ब्रँड्स हॅचला हंगाम संपतो. एप्रिलमध्ये पुन्हा सुरू होतो तेव्हा निम्मे चेहरे वेगळ्याच रंगाच्या गाड्यांत बसलेले असतात. काल ज्यानं विजेतेपद मिळवलं, त्यालाही कधीकधी संघ सोडावा लागतो. हे असं का होतं, आणि नवा हंगाम सुरू होण्याआधी यातला कोणता बदल खरंच फरक पाडणार हे ओळखायचं कसं? शिवाय जाता जाता तुम्ही लिहिलंय की तुमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट गाडीचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवून स्पर्धेत उतरवायच्या शर्यतीच्या गाडीचा, ड्रायव्हर यंदा पास होऊन गेला आणि नव्याला बसवायचंय. तुमची खरी काळजी तीच असावी असं मला वाटलं, म्हणून तिच्याकडे शेवटी नीट येतो.

मी मूळचा सांगलीचा. गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये याच प्रकारच्या गाड्यांवर काम करतोय, आधी डेटा इंजिनिअर म्हणून आणि नंतर रेस इंजिनिअर, म्हणजे ड्रायव्हरशी बोलून गाडी जुळवणारा, म्हणून. तेव्हा ट्रॅकच्या कडेला संघ थांबतो त्या पिटच्या भिंतीवरून जे दिसलं तेच सांगतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत. ड्रायव्हर जागा का बदलतो, याचं उत्तर बहुतेक वेळा पैशात असतं. बदलल्यावर तो वेगवान होईल का, याचं उत्तर माणसांत आणि गाडीच्या चाकांत असतं. बातम्यांमध्ये हे दोन्ही एकत्र येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की चांगला ड्रायव्हर चांगल्या संघाने उचलला. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना तर ते तसंच दिसणार. पण तिथे संघ खेळाडूला पैसे देतो. टूरिंग कारमध्ये, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मोजक्या जागा सोडल्या, तर ड्रायव्हर प्रायोजक घेऊन येतो आणि त्या पैशावर गाडी धावते. एका गाडीच्या एका हंगामाचा खर्च काही लाख पौंडांत जातो. त्यात प्रत्येक गाडीला ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटण्याच्या रांगेत, उभं राहण्यासाठी आयोजक ‘टोका’चा परवाना लागतो, त्याला टीबीएल म्हणतात. परवाने मोजके आहेत. म्हणजे हातात पैसे असले तरी परवाना असलेली रिकामी जागा लागते, आणि जागा असली तरी पैसे लागतात. दोन्ही एका वेळी जुळायला कधीकधी मार्च उजाडतो. एवढ्या उशिरा नावं का जाहीर होतात, हे तुम्हाला पडलेलं कोडं इथेच सुटतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे कॉलिन टर्किंग्टन. उत्तर आयर्लंडचा हा माणूस वेस्ट सरे रेसिंगच्या बीएमडब्ल्यूतून २००९ साली विजेता झाला. पुढच्या हंगामात गतविजेता म्हणून तो ग्रिडवर असायला हवा होता. पण प्रायोजक गेला आणि २०१० मध्ये बीटीसीसीत त्याला पूर्ण हंगामाची जागा नव्हती. त्याच संघासोबत तो जागतिक मालिकेच्या काही फेऱ्यांत उतरला आणि जपानच्या ओकायामाला एक शर्यत जिंकलाही. मग स्कँडिनेव्हियातल्या मालिकेत जाऊन २०१३ ला परत आला. २०१४ मध्ये पुन्हा बीटीसीसी जिंकली. आणि पुन्हा तेच! प्रायोजक बाजूला झाला आणि २०१५ मध्ये त्याला बीएमआर संघाच्या फोक्सवॅगनमध्ये बसावं लागलं. म्हणजे एकाच माणसाच्या वाट्याला हे दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा त्याच्या वेगाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. त्यामुळे ‘विजेत्याला संघाने काढलं’ असं वाचलं की आधी गाडीच्या दारावर कोणत्या प्रायोजकाचं नाव होतं आणि आता कोणाचं आहे ते बघा.

पैशाचं एवढं पुरे. माझं काम ज्याच्याशी आहे ते दुसरं अंग जास्त खोल आहे.

ड्रायव्हर आणि त्याचा रेस इंजिनिअर यांची एक भाषा असते, आणि ती बनायला वेळ लागतो. ड्रायव्हर गाडीतून उतरून म्हणतो, ‘पुढून जात नाहीये.’ एका ड्रायव्हरच्या तोंडी याचा अर्थ असतो की वळणात शिरतानाच गाडी बाहेर ओढते. दुसऱ्याच्या तोंडी हेच वाक्य वळणाच्या मध्यावरचं असतं. तिसरा म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात मागची चाकं हलत असतात. तो घाबरून स्टिअरिंग कमी वळवतो आणि म्हणून त्याला पुढचं टोक सुस्त वाटतं. पहिल्याला ब्रेकची विभागणी बदलून देईन, दुसऱ्याला पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं झुकणं आवरणारा दांडा, मऊ करीन, तिसऱ्याचं पुढचं काहीच न छेडता मागचा भाग शांत करीन. चुकीच्या माणसाला चुकीचा उपाय दिला की सत्र वाया गेलं. आणि बीटीसीसीत वाया घालवायला सत्रं नसतातच. शनिवारी मोजका सराव, मग सुटण्याची जागा ठरवणारं क्वालिफायिंग, आणि रविवारी तीन शर्यती. टेस्टिंगचे दिवसही ठरवून दिलेले असतात.

म्हणून हिवाळ्यात जागा बदलल्याची बातमी आली की मी पहिल्यांदा विचारतो: इंजिनिअर सोबत गेला का?

ॲश सटनकडे बघा. २०१७ मध्ये तो बीएमआरच्या सुबारू लेव्होर्गमधून विजेता झाला. २०२० मध्ये तो लेझर टूल्स रेसिंगच्या इन्फिनिटी क्यू-५० मध्ये दिसला. नाव नवं, गाडी नवी. पण आतली माणसं बरीचशी बीएमआरचीच होती, त्याचा इंजिनिअर अँटोनियो करोझाही. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणारी, सुबारूसारखीच. पहिल्याच हंगामात विजेतेपद, २०२१ मध्ये पुन्हा. बाहेरून मोठा दिसणारा बदल आतून लहान होता.

आता २०२२. सटन मोटरबेसच्या फोर्ड फोकसमध्ये गेला. करोझा या वेळीही सोबत होता. पण फोकस पुढच्या चाकांवर चालते. त्या वर्षी विजेतेपद ह्युंदाईतल्या टॉम इन्ग्रमनं नेलं. सटन शेवटच्या दिवसापर्यंत झुंजला, पण त्याचं चौथं विजेतेपद आलं ते २०२३ मध्ये. माझं वाचन असं की माणसं तीच राहिली म्हणून तो लगेच स्पर्धेत राहिला, आणि चाकं बदलली म्हणून एक हंगाम लागला. पण २०२२ मध्येच सगळ्या गाड्यांत हायब्रिड यंत्रणा आली होती, तेव्हा सगळंच चाकांच्या खात्यावर टाकणं बरोबर होणार नाही. सटन पुढच्या चाकांच्या गाडीला नवखाही नव्हता. २०१५ मध्ये तो पुढच्या चाकांच्या रेनॉ क्लिओ गाड्यांच्या मालिकेचा, क्लिओ कपचा, विजेता होता. अगदी कोऱ्या पाटीच्या माणसाला कदाचित आणखी वेळ लागला असता.

इन्ग्रमची गोष्टही याच वळणाची आहे. अनेक वर्षं तो स्पीडवर्क्सच्या टोयोटात होता. २०२१ मध्ये एक्सेलर-एट या तुलनेनं नव्या संघाकडे, ह्युंदाई आय-३० मध्ये गेला. जाताना त्याचा इंजिनिअर स्पेन्सर ऑल्ड्रिज सोबत गेला. टोयोटाही पुढच्या चाकांची आणि ह्युंदाईही. दुसऱ्या हंगामात विजेतेपद, आणि २०२५ मध्ये त्याच संघातून दुसरं. तो गेला तेव्हा ‘एवढा चांगला संघ सोडून लहान संघात का?’ असं बरेच जण म्हणत होते. इंजिनिअर सोबत आहे हे कळल्यावर मला त्या निर्णयाची काळजी वाटली नाही.

पुढची चाकं की मागची, याला मी एवढं महत्त्व का देतो ते समजावून सांगायला हवं, कारण टीव्हीवर हे फारसं दिसत नाही.

पुढच्या चाकांच्या गाडीत पुढचे दोन टायर तिन्ही कामं करतात: वळवणं, ओढणं आणि ब्रेकिंगचा मोठा वाटा. मागचे टायर जवळजवळ फक्त सोबत येतात. मग अशी गाडी वळवायची कशी? आम्ही मागचा भाग मुद्दाम कडक ठेवतो, म्हणजे वळणात मागचं टोक थोडं घसरून गाडी आतल्या बाजूला वळते. वळणात आतलं मागचं चाक हवेत उचललेलं फोटोत तुम्ही पाहिलं असेल, ते यामुळेच. याची किंमत अशी की मागचे टायर गरम व्हायला वेळ घेतात, आणि थंडीतल्या पहिल्या एकदोन फेऱ्यांत मागचं टोक कधीही सुटू शकतं. मागच्या चाकांच्या बीएमडब्ल्यूचं वेगळं. ती सुरुवातीला उसळी मारून निघते, कारण सुटताना वजन मागे जातं आणि तिथेच ताकद असते.

आता खरी गोम. मागचं टोक सुटलं की मागच्या चाकांच्या गाडीत ड्रायव्हर ॲक्सिलरेटर सोडत स्टिअरिंग उलटं फिरवतो. पुढच्या चाकांच्या गाडीत नेमकं उलट: पाय दाबायचा, म्हणजे पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. पाय सोडला तर वजन पुढे सरकतं, मागचं आणखी हलकं होतं आणि गाडी फिरते. हे त्याला माहीत नसतं असं नाही, विचारलं तर तो छान समजावून सांगेल. पण थ्रक्सटनच्या चर्च वळणावर, या मालिकेतल्या सगळ्यात वेगवान ट्रॅकवर, विचार करायला वेळ नसतो. तिथे पाय आपसूक चालतो, आणि पायाला जुनी सवय असते. ती सवय मोडायला फेऱ्या लागतात, शेकड्यांनी.

मी यात एकदा फार वाईट चुकलो आहे. तेव्हा मी ज्या संघात होतो तिथे मागच्या चाकांवर वाढलेला एक अत्यंत वेगवान ड्रायव्हर आला, आणि आमची गाडी पुढच्या चाकांची. आधीच्या ड्रायव्हरनं त्या गाडीत शर्यती जिंकल्या होत्या, त्याचे सेटअप, म्हणजे गाडीच्या सगळ्या जुळण्या, माझ्या लॅपटॉपमध्ये होते. मी तेच लावून दिले. जिंकणारा सेटअप आहे, हा तयार होईल असा माझा हिशेब होता. तो सेटअप आधीच्या ड्रायव्हरच्या उजव्या पायासाठी बनला होता, हे माझ्या लक्षात यायला तीन शनिवार-रविवार गेले. नवा ड्रायव्हर वळणाच्या आत जरासा पाय सोडायचा, आणि त्या कडक मागच्या भागामुळे गाडी त्याला दरवेळी धाक दाखवायची. त्याचा विश्वास उडाला. माझ्यापाशी डेटा होता, त्यात त्याचा पाय स्पष्ट दिसत होता, पण मी टायरच्या तापमानाकडेच बघत बसलो. चौथ्या शनिवार-रविवारी मागचा अँटी-रोल बार दोन पायऱ्या मऊ केला. गाडी कागदावर हळू झाली आणि तो सेकंदाच्या तीन-चार दशांशांनी वेगवान झाला. मग जसजसा तो रुळला तसतसा मी बार परत कडक करत गेलो. पण त्या तीन शनिवार-रविवारांत गेलेले गुण परत आले नाहीत. त्या वर्षी त्याला पुढच्या हंगामासाठी प्रायोजक मिळाला नाही, आणि त्यात माझा वाटा आहे असं मी आजही मानतो.

तेव्हापासून नवा ड्रायव्हर आला की मी पहिला दिवस वेगासाठी वापरतच नाही. सीट, पेडलची उंची, स्टिअरिंगचं अंतर, आरसे. मग मुद्दाम एक वाईट बदल करतो, न सांगता, आणि तो त्याचं वर्णन कोणत्या शब्दांत करतो ते लिहून घेतो. विश्वासाचा प्रश्न येऊ नये म्हणून संध्याकाळी सगळं त्याला सांगून टाकतो. त्या शब्दांची वही हंगामभर कामी येते.

जमलेल्या जोडीचा फायदा जिंकण्यात दिसतो त्याहून जास्त हरण्याच्या दिवशी दिसतो. टर्किंग्टन २०१७ मध्ये वेस्ट सरेकडे परतला आणि २०१८ मध्ये पुन्हा विजेता झाला, तेही अख्ख्या हंगामात फक्त एक शर्यत जिंकून! तेव्हा गुणतक्त्यात पुढे असलेल्याच्या गाडीत ७५ किलोपर्यंत जादा वजन टाकलं जायचं. तिसऱ्या शर्यतीला ग्रिडचा पुढचा भाग उलटा करतात, म्हणजे चांगला निकाल लावला की गर्दीत मागे उभं राहायचं. अशा रचनेत वजन भरलेली गाडी सहाव्या-सातव्या क्रमांकावर सुखरूप आणणं हे खरं कसब. ते जमतं कारण ७५ किलो टाकल्यावर आपली गाडी ब्रेकवर काय करते, हे ड्रायव्हर आणि इंजिनिअर दोघांनाही आधीच पाठ असतं. नव्या जोडीला ते पहिल्यांदाच कळत असतं, आणि तेही शर्यत चालू असताना.

नियम बदलतात तेव्हा मात्र हे सगळं थोडं सैल धरा. २०२२ ते २०२४ हायब्रिड होतं, आणि आघाडीवर असलेल्याला जादा वजनाऐवजी हायब्रिडची जोड कमी सेकंद मिळायची. २०२५ पासून हायब्रिड काढून टाकलं, गाड्या हलक्या झाल्या आणि टर्बोचा बूस्ट वाढवला. अशा वर्षी जुन्या जोडीच्या वहीतली बरीच पानं बाद होतात आणि नव्या जोडीचं नुकसान तुलनेनं कमी राहतं. मी ड्रायव्हर असतो आणि संघ बदलायचाच असता, तर नियम बदलण्याच्या वर्षी बदलला असता.

हंगामाआधीच्या टेस्टिंगमधल्या फेरीच्या वेळांबद्दल तुम्ही विचारलंत. मार्चमधल्या वेळांवरून अंदाज बांधू नका. कोणाच्या टाकीत किती इंधन आणि कोणाचा टायर नवा हे बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा फेऱ्यांची संख्या बघा. जी गाडी दिवसभरात भरपूर फेऱ्या मारते ती तयार आहे. जी तासन्‌तास गॅरेजमध्ये उघडी पडलेली आहे, तिच्यात कितीही मोठा ड्रायव्हर बसलेला असो, तिचा मे महिन्यापर्यंत विचार करू नका.

थोडक्यात माझा क्रम असा: दारावरचा प्रायोजक बघून बदल का झाला ते समजून घ्यायचं, मग इंजिनिअर सोबत आला का, मग ताकद कोणत्या चाकांवर आहे, आणि नियम तेच आहेत का. यातलं पहिलं कोणीही सांगेल. इंजिनिअरचं नाव शोधायला थोडं खणावं लागतं, पण संघांची पत्रकं शेवटपर्यंत वाचली तर बहुधा सापडतं.

आता तुमची गाडी. फॉर्म्युला भारतला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या आपल्याकडच्या स्पर्धेला, कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर उतरणार असाल तर हातात महिने आहेत, पण गाडी चालवायला मिळणारे दिवस फार थोडे असतील. जुना ड्रायव्हर पास होऊन गेला असला तरी त्याला एका रविवारी बोलवा. गाडी चालवायला नको, नव्याच्या शेजारी उभं राहायला. नव्यानं एक फेरी मारून आल्यावर काय वाटलं ते सांगावं, आणि जुन्यानं ‘तू म्हणतोस ते मी असं म्हणायचो’ असं सांगावं. तुम्ही दोघांचे शब्द समोरासमोर लिहून घ्या. ही पंधरा-वीस ओळींची यादी तुमच्या सस्पेन्शनच्या सगळ्या आकडेमोडीइतकी उपयोगी पडेल.

जुना सेटअप पहिल्या दिवशी लावू नका. मागचं टोक आधी शांत ठेवा. सीटचा साचा जुन्याच्या अंगाचा असेल तर तो फेकून नव्याच्या अंगावर दुसरा ओता, पाहिजे तर दुसऱ्या कामातून वेळ काढून. शरीर सीटमध्ये हलत असेल तर त्याला गाडी काय सांगतेय हे कळणारच नाही आणि तो तुम्हाला चुकीचं सांगेल. पेडलच्या जागेचंही तेच. आणि पहिल्या दिवशी स्टॉपवॉच त्याला दाखवू नका. वेळ लिहा, पण स्वतःजवळ ठेवा.

तुमच्या गाडीत डेटा लॉगर आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर थ्रॉटल आणि स्टिअरिंग या दोनच रेघा पहिले दोन दिवस बघा, जुन्याच्या आणि नव्याच्या एकावर एक ठेवून. नसेल तर वळणाच्या टोकाला एक मुलगा उभा करा आणि त्याला फक्त इंजिनचा आवाज ऐकायला सांगा: पाय कुठे सुटतो, कुठे परत येतो. खुणेसाठी ट्रॅकच्या कडेला खडूच्या रेघा पुरतात. त्या रेघांचे फोटो पाठवलेत तर पुढचं आपण बघू.